काचेच्या पेटीतलं शिळं पाणी

बाबांचं उजवं अंग लकव्यानं गेलं आणि बोलणंही गेलं. आम्ही ढिवर. गावच्या तलावात मासे धरण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मायने भरवलं तर दोन घास खात, तिसऱ्याला ओठ मिटून घेत. डॉक्टर म्हणाले, यांचं मन कशात तरी रमवा, नाहीतर हे असेच संपतील.

मी तेव्हा अड्याळला शाळेत विज्ञान शिकवत होतो. गावाहून सायकलनं जायचो. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझं प्रमाणपत्र बाबांनी काचेत बसवून देवांच्या तसबिरींच्याही वर टांगलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते म्हणत, "माह्या पोराले मासोळीचं पोटातलंबी ठावूक हाय." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मासे ठेवलेली काचेची पेटी मी पाहिली होती. तशीच एक भंडाऱ्याहून करून आणली. पत्र्याची चौकट, खिडकीच्या काचा, सांध्यांत भरलेली लांबी. बाबांचे जुने जोडीदार, ज्यांना मी काका म्हणायचो, त्यांनी तलावातून बोटाएवढे नऊ मासे आणि चिला नावाच्या पाणवनस्पतीच्या चार जुड्या आणून दिल्या. त्याच दिवशी ते मुलीकडे एकोडीला गेले.

पेटी खाटेजवळ ठेवली. घरच्या विहिरीचं पाणी भरलं. मासे सोडले.

बाबांनी मान वळवली. कितीतरी दिवसांनी. एक मिशांचा काटवा मासा काचेशी येऊन थांबला, तसे बाबा डाव्या कोपरावर रेटा देऊन अर्धे उठले. त्या दुपारी त्यांनी वाटीभर भात खाल्ला. माय चुलीपुढे तोंड फिरवून रडली.

तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं. पातळ पेज असावी तसं.

"पाय गा बाबू, पाणी नासलं," माय म्हणाली.

"तू भाताची शितं टाकून राहिली ना त्याच्यात?"

"मंग का उपाशी मारू? तुह्या पुस्तकात मासोळी हवा खाते का?"

आमच्या घरात रात्रीचं पाणी सकाळी कोणी पीत नसे. उजाडलं की माय हंडे-घागरी रिकाम्या करायची, राखेनं घासायची, ताजं पाणी भरायची. शिळं पाणी घरात ठेवणं तिला उष्टं ठेवण्यासारखं वाटे. मी त्याच घरात वाढलो होतो. शिवाय पदवीधर होतो. घाण पाण्यात रोग वाढतो, हे वर्गात मीच शिकवत होतो. मी मासे घागरीत काढले, पेटी राखेनं घासली, चिला खळबळून धुतला आणि ताजं पाणी भरलं.

संध्याकाळी दोन मासे उलटे तरंगत होते.

दोन दिवसांत पाणी पुन्हा पांढरं झालं. मी पुन्हा बदललं. मग रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बदलू लागलो. चिल्याची पानं तपकिरी होऊन गळू लागली. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत. मी वहीत लिहून ठेवत होतो, किती वाजता बदललं, किती मेले. कारण काही सापडत नव्हतं. पावसाळ्यात रोगराई नको म्हणून पंचायतीचा माणूस विहिरीत वरचेवर पांढरी पावडर टाकून जात होता. तिचा उग्र वास रोज माझ्या ओंजळीला येत होता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

बाबा मात्र अस्वस्थ झाले. मी बादली घेऊन आलो की घशातून आवाज काढत आणि डावा हात पसरून, तळवा खाली करून, हवेत तसाच धरत. मला वाटे, निजायचं म्हणतात. मी त्यांना आडवं करायचो. ते पुन्हा उठायला बघायचे.

एका सकाळी त्यांनी चांगल्या पायानं बादली लाथाडली. सगळं पाणी पडवीभर झालं.

शाळेची वेळ झाली होती. मी ओरडलो, "लेकरासारखं काहून करून राहिले बाबा? मी शिकलो हावो यातलं! तुमाले का समजते?"

मी जमीन पुसली आणि दुसरी बादली भरून आणली.

त्या दिवसानंतर त्यांनी हात उचलला नाही.

काका एकोडीहून परतले तेव्हा एकच मासा उरला होता, तो काटवा. काकांनी पाण्यात बोट बुडवून हुंगलं.

"हे कोणतं पाणी हाये गा?"

"विहिरीचं. रोज ताजं भरतो."

"रोज?" त्यांनी बोट धोतराला पुसलं. "मास्तर झाला न् हे करून राहिला? त्यात पावडर हाये. अन् नवीन पाणी पांढरं होतेच बाप्पा. हात नाई लावला तं आपोआप निवळते. मासोळीले शिळंच पाणी लागते. तुहा बाप तलावात सोडाले मासोळीच्या पिलायची बिजाई आणे, तं हंड्यात गाळासकट तलावाचं पाणी घे. आमाले घोटभर विहिरीचं टाकू देत नव्हता."

मग त्यांनी हात पसरला, तळवा खाली, अगदी बाबांसारखा. "हे करे तो. म्हणजे हलू नोका, गाळ बसू द्या."

मी लहानपणी बाबांबरोबर तलावात उतरायचो. माझ्या पायांनी पाणी गढूळ झालं की बाबा असाच हात धरत आणि आम्ही दोघं उभे राहत असू, पाय दिसू लागेपर्यंत. हे मी विसरलो होतो.

काकांनी आणि मी तलावाचं पाणी आणून भरलं. काटवा दोन दिवस जगला. मी खाटेजवळ बसून म्हणालो, "बाबा, चुकलं माहं." त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. त्यांनी ऐकलं असेल. मान वळली नाही.

पाण्याला मग कोणी हात लावला नाही. आठ-दहा दिवसांत ते आपोआप इतकं स्वच्छ झालं, की पलीकडची भिंत दिसावी. चिल्याच्या एका काडीला हिरवा शेंडा फुटला. तो दाखवायला मी बाबांना हाका मारल्या. त्या दिवशी त्यांनी भाताचा पहिला घासही घेतला नाही.

थंडी सुरू झाली आणि बाबा गेले.

घरात मरण झालं की भरलेलं सगळं पाणी ओतून देतात. शेजारच्या बायांनी हंडे उपडे केले, घागरी, तांबेसुद्धा. मग एकीनं पेटीला हात घातला.

"ते राहू द्या वो," माय म्हणाली. "त्याले कोणी हात लावू नोका."