दुपारचा पहिला घास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे बसते तेव्हा तिथेही नाही — तिथे तर मी जरा घाईतच असते. म्हटलं तर एवढीशी गोष्ट आहे. खाण्याची. बाई काय खाते, कधी खाते, यात लपवण्यासारखं काय असतं, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हेच म्हणत आले. मग सांगायला इतकी वर्षं का लागली?

चलो, सुरुवातीपासून सांगते. नाहीतर मी इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. ती माझी जुनी खोड आहे.

आम्ही जबलपूरचे. खमरियाला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये संसार झाला. माझे हे आणि धाकटे दीर दोघंही फॅक्टरीत, क्वार्टर लागून लागून मिळालेले, म्हणून स्वयंपाक एकत्रच. मी शाळेत गणित शिकवते. धाकटी जाऊ वैशाली. माहेर शहपुऱ्याचं, मराठी घरातलीच, पण वाढली सगळी हिंदीत. मला दीदी म्हणते. वयानं माझ्यापेक्षा खूप लहान. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

चाळिशी उलटली तशी माझी तब्येत सुटली. ब्लाउज उसवायला जागा राहिली नाही, जिना चढले की धाप लागायची. तेव्हा शाळेत एकीनं ते सोळा-आठचं सुरू केलं होतं — आठ तासांत काय खायचं ते खा, बाकीचे सोळा तास नुसतं पाणी. मी म्हटलं, हे काय मोठं? आपल्या बायांना उपवास का नवीन आहे? चतुर्थी, एकादशी, हरतालिका करून करून हात कसलेला आपला. रात्री आठच्या आत जेवण उरकायचं, सकाळी काही नाही, आणि शाळेतून आल्यावर दुपारी पहिला घास. घरात जाहीर करून टाकलं. माझं काम असंच असतं, आधी जाहीर आणि मग विचार.

सुरुवातीला मी खरंच केलं. हे खोटं नाही. संध्याकाळचं फरसाण बंद केलं, फॅक्टरीच्या इस्टेटीतल्या रस्त्यानं रोज फिरायला लागले, आणि वजन उतरलं. मग काय विचारता. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बाया माझ्या दंडाला हात लावून पाहून राहिल्या होत्या. अगं बाई, कशी काय बारीक झालीस? मी तिथेच पदर खोचून व्याख्यान दिलं. मनाचा निश्चय पाहिजे म्हटलं, बाकी काही नाही. शरीराचे चोचले पुरवले की शरीर डोक्यावर बसतं. असं बोलले मी, चारचौघींत, हातात वाणाची वाटी धरून.

आणि तोपर्यंत माझंच बिघडायला लागलं होतं.

डोकं ठणकायचं. आंबट ढेकर यायचे. तिसऱ्या तासाला पोरांवर अशी खेकसायची की बिचारी पाढे विसरायची. केस गळायला लागले. आणि पाळी चुकली. एक महिना नाही, पुढचाही नाही. वय झालं म्हणून जात असेल, अशी समजूत घातली. मग एके दिवशी वर्गात डोळ्यांपुढे अंधारी आली तशी मी सुट्टीत बाहेर गेले आणि शाळेच्या फाटकापाशी पोह्यांच्या ठेल्यावर उभी राहिले. पोहे, वर शेव, कांदा, एक जिलबी. काय सांगू तुम्हाला — जीवात जीव आला म्हणतात ना, तो खरंच येतो.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी ठेलेवाल्यानं मला पाहिलं आणि न विचारताच कागद घेतला. उभ्यानं खायची सोय नव्हती, खमरियात एक जण पाहील तर दहा घरी कळेल. म्हणून बांधून घ्यायची. खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. तिथे, फुटबॉलच्या जाळीमागे स्टुलावर बसून, चाळिशी उलटलेली बाई चोरून पोहे खायची. हसू येतंय ना? मलाही येतं. आज पहिल्यांदाच येऊन राहिलं आहे.

महिन्याभरात माझी पाळी परत आली. डोकं ठणकायचं थांबलं. वजन जागेवरच राहिलं, कारण ते चालण्यानं आणि फरसाण सोडल्यानंच उतरलं होतं बहुतेक. म्हणजे मला कळलं होतं. गणिताची बाई आहे मी. काय काढल्यावर काय उरतं ते मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. शाळेतल्या त्या दुसऱ्या बाईला ते मानवलं, अजून मानवतं, ती टुणटुणीत आहे. मला नाही मानवलं. एवढंच तर होतं. घरी येऊन सांगायला काय जात होतं?

पण नाव झालं होतं ना. हळदीकुंकवातलं ते व्याख्यान कसं परत घेणार?

आणि तेव्हाच वैशाली म्हणाली, दीदी, मी पण तुमच्यासोबत करून पाहू का? तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं की वजन थोडं उतरलं तर बरं, मूल राहायला मदत होईल. त्यात तिनं मला पाहिलं होतं. रोज पाहायची. तिच्या डोळ्यांसमोर मी बारीक झाले होते. मी काय म्हटलं असेल? कर म्हटलं. खरं सांगायचं तर मला छानच वाटलं. आपल्याला पाहून कुणीतरी काहीतरी करून राहिलं, याचा मला माज आला.

आता आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. मोठीच्या आधी धाकटीनं ताट वाढून घ्यायचं नाही. सासूबाईंनी घातलेली. मी नवी होते तेव्हा त्यांच्यासाठी थांबायची. त्या गेल्या, रीत राहिली. एरवी तिचा कुणाला त्रास नव्हता, सकाळी सगळ्यांचा नाश्ता सोबतच व्हायचा. पण आता आम्हा दोघींचा नाश्ताच बंद होता. म्हणजे वैशालीचा पहिला घास माझ्या पहिल्या घासावर अडकलेला. मी शाळेतून येईपर्यंत ती थांबायची. कधी पालकांची मीटिंग, कधी पेपर तपासणी, कधी मी उगाच स्टाफरूममध्ये गप्पा मारत बसलेली. मला काय घाई? माझं पोट भरलेलं होतं.

घरी पोचायची तर ती दारात. तोंड उतरलेलं, ओठ सुकलेले, पण हसून राहिलेली. मी म्हणायची, अगं, खाऊन घ्यायचं ना. तर म्हणायची, तुम्ही उपाशी तिकडं पोरांपुढे ओरडून राहिल्या, अन् मी इथं काहून खाऊ?

मग मी हात धुवायची. साबणानं, दोनदा, कांद्याचा वास जाईस्तोवर. आणि पाटावर बसून पहिला घास घ्यायची, डोळे मिटून, जसा काही प्रसादच आहे. तो घेतला की ती जेवायला लागायची.

हे किती महिने चाललं ते मी मोजलं नाही. मुद्दाम नाही मोजलं.

एका सकाळी मेथी निवडताना ती हळूच म्हणाली, दीदी, या महिन्यात नाही आली. मान खाली, पण कान लाल झालेले. तुम्हाला समजलं ना तिला काय वाटलं? इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तेच वाटलं. दिरांना तिनं रात्री सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवरून थेट शहरात कमानिया गेटला गेले आणि खव्याची जिलबी घेऊन आले. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणे असंच, मन झालं. मी जिलबी खाल्ली. माझी स्वतःची पाळी कशानं चुकली होती आणि कशानं परत आली, हे पोटात ठेवून मी ती जिलबी खाल्ली आणि वर म्हटलं, मस्त आहे.

तिला दिवस गेलेले नव्हते. तपासलं, नव्हते. तिनं त्या दिवशी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासले, तळाशी चिकटलेलं पीठसुद्धा नखानं काढलं. पुढच्या महिन्यातही नाही आली, आणि तिनं परत आस धरली. मी तेव्हाही सुट्टीत पोहे खाऊन आले.

शेवटी मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हे मी बरेच दिवस स्वतःच्या खात्यावर पुण्य म्हणून धरून बसले होते. बाईंनी रक्त तपासलं, खाण्यापिण्याचं विचारलं. रक्त कमी होतं. त्या सरळ म्हणाल्या, ये बंद कीजिए, सुबह उठकर कुछ खाइए, ये हर औरत को सूट नहीं करता. वैशालीला ते पटेना. ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, लेकिन दीदी भी तो यही करती हैं, मुझसे भी पहले से. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आपको कोई तकलीफ़ नहीं हुई?

आता ऐका. यासाठीच एवढं सगळं बोलून राहिले.

मी म्हटलं, जी नहीं. कुछ भी नहीं.

दार बंद होतं. आत आम्ही तिघी बायाच होतो. यांना कळलं नसतं, मंडळात गेलं नसतं. डॉक्टरीणबाई तर दुसऱ्या पेशंटपर्यंत विसरूनही गेल्या असत्या. आणि उत्तर देताना माझ्या पोटात त्या सकाळचे पोहे होते.

येताना ऑटोत वैशालीनं डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, मतलब माझ्याच शरीरात खराबी आहे न, दीदी. तुमाले तर काहीच नाही होत. — मूल होत नाही म्हणून जिला सगळ्यांनी आधीच तेच ऐकवलं होतं, कुणी तोंडावर, कुणी पाठीमागे, तिनं आता ते स्वतःच्या तोंडानं म्हटलं. मी तिचा हात थोपटला. म्हटलं, असतं गं, सगळ्यांना नाही झेपत. लाज वाटते हे लिहिताना. तिचा हात थोपटताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं, याची जास्त वाटते.

ती सकाळी खायला लागली. मी बाहेर पडायच्या आधीच तिला पोळी-भाजी वाढायची मी, रीत मीच मोडली, आणि त्याबद्दलही घरात माझंच कौतुक झालं. तिचं रक्त भरलं, महिन्याचं सुरळीत झालं. मूल नाही झालं. ते माझ्यामुळं नाही, असं कुठलीही डॉक्टर सांगेल. सांगू दे. पुढे दिरांची बदली झाली, ती दोघं नागपूरला गेली, आणि मी एके दिवशी घरीच सगळ्यांपुढे नाश्ता करायला बसले. कुणी विचारलंसुद्धा नाही. ज्या नावासाठी एवढं केलं, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

मग आज का सांगून राहिले? गेल्या महिन्यात यांच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न झालं. पोरी पंगतीत याच विषयावर बोलत होत्या, सोळा तास की चौदा, कॉफी चालते की नाही. एकीनं वैशालीला विचारलं. वैशाली हसली आणि म्हणाली, हमारी दीदी करती थीं, एकदम पक्की. मला नाही झेपलं. माझं शरीरच कच्चं आहे. असं सहज म्हणाली, कढी वाढून घेता घेता, जसं कुणी आपलं गाव सांगावं. आणि पोरींनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी समोर होते. ते कौतुक मी तेव्हाही घेतलं.

पण घरी आल्यावर झोप लागली नाही, आणि आज लिहायला बसले. आता इथवर आले तर खरं सांगते, श्वास मोकळा झाला आहे. माझं नाव गेलं तर जाऊ दे. तसं ते होतं तरी कुठे?

हे मी वैशालीलाच पाठवणार आहे, तुमच्याही आधी. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून शेवटचं सोपं लिहिते.

वैशाली, तुझं शरीर कच्चं नव्हतं. तू उपाशी होतीस. मी खाऊन येत होते.