बारावा खिळा

“कोणाचा हाय बे हा डब्बा? इथी कोणं लटकवला?”

दिवाणजी ओरडत होता. आवाज असा, की अकोटच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमधून सुटावा तो थेट अकोल्याच्या स्टेशनावर उतरावा. मशिनी चालू होत्या, तरी त्याचंच ऐकू येत होतं.

डबा माझा होता. तोलाच्या खोलीबाहेर भिंतीवर बारा खिळे. अकरा खिळ्यांवर अकरा हमालांच्या पिशव्या. बारावा रिकामा होता. त्यावर मी माझी पिशवी अडकवली होती.

खिळे कोणाचे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण सगळ्यांना पाठ होतं. गावातल्यांचे डबे भिंतीवर. बुद्धविहाराकडच्या वस्तीतले आम्ही पाच जण, आमचे डबे फाटकाबाहेरच्या बाभळीवर. नऊ वर्षं मीही तिथंच लटकवला. मुंग्यांशी वाटणी करून जेवलो. पण आदल्या दिवशी वानर आलं. माझा डबा घेऊन टिनाच्या छपरावर बसलं. बायकोशिवाय कोणाला न उघडणारं झाकण त्यानं एका झटक्यात उघडलं, माझ्याकडं बघत बघत तीन भाकरी खाल्ल्या, अन् वरून ढेकर दिला. खोटं सांगत नाही. त्या दिवशी मी नुसत्या पाण्यावर ट्रक भरला. डोळ्यांपुढं काजवे कसले, अख्खी दिवाळी होती.

हसण्यासारखं नाही ते. दाबून बांधलेली रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गाठ पावणेदोन क्विंटलची असते. दोघांनी लोखंडी आकडे रुतवून लोटायची. उपाशी पोटी पाय लटपटला, की गाठ अंगावर. म्हणून बायको पहाटे उठून बांधते. ज्वारीच्या तीन भाकरी, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, कांदा. अन् तीळ, शेंगदाणे, गुळाचे दोन लाडू. एक पहिल्या ट्रकच्या आधी, एक चार वाजता. लाडू कसा? गल्लीतल्या कुत्र्यानं एकदा चोरला, तो एसटीच्या पुढं पळत अकोल्याला पोचला. अजून वापस आला नाही.

“माहा हाय,” मी म्हणालो.

दिवाणजीनं पिशवीला हात लावला नाही. माझाच आकडा उचलला, त्याच्या टोकानं पिशवी उचलली, मेला उंदीर उचलावा तशी. अन् फाटकाकडं भिरकावली.

“बोंबील खाऊन येता लेकहो, अन् भिंतीले वास लावता!”

झाकण उडालं. भाकरी धुळीत. एक लाडू घरंगळत त्याच्याच चपलेपाशी थांबला. डब्यात बोंबील नव्हता, जवस होता. अन् असता बोंबील, तर?

ते अकरा जण हसले नाहीत. आपापल्या पिशव्या नीट करू लागले. हसले असते तर कमी लागलं असतं.

नऊ वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो, बाभूळ काय अन् खिळा काय, पोटात गेल्याशी मतलब. त्या घडीला कळलं. ती बाभूळ मीच रोज पाणी घालून वाढवली होती.

मी खाली वाकलो. त्याच्या चपलेजवळचा लाडू उचलला. फुंकला. त्याच्यासमोर उभा राहून खाल्ला. सावकाश. मग गाठींपासून दहा हात लांब जाऊन बसलो.

“ऊठ बे! गाडी भरा लागते.”

“नाई भरत. माह्या भाकरीनं तुमची भिंत इटाळते, त माह्या हातानं गाठ नाई इटाळत काय? तिच्या चादरी तुमीच पांघरसान, दिवाणजी. जपा लागते.”

वस्तीतले चौघं येऊन माझ्या बाजूला बसले. दिवाणजी मालकाचं नाव घेऊन ओरडला, पोलिसांचं घेऊन ओरडला, उद्यापासून फाटक बंद म्हणाला. आम्ही बसलेलो. बाकीचे दहा आत चालू मशिनींना कापूस पुरवत होते. माझा जोडीदार गजूभाऊ, अकरातलाच, एकटाच गाठीशी झटत होता. गाठ तसूभर हलली नाही. शेवटी त्यानं आकडा टाकला.

“दिवाणजी, गाठ दोघाची हाय.”

त्यानं माझी बाजू घेतली नाही. गाठीची घेतली. चालते.

ट्रकवाल्यानं भोंगा दाबून धरला. मेळघाटातले वाघ उठून बसले असतील.

“लटकव मंग! लटकव!” दिवाणजी खेकसला. “आजच्या पुरता.”

मी भाकरी झटकल्या, डबा भरला, पिशवी बाराव्या खिळ्यावर लटकवली. “आजच्या पुरता नाई,” म्हणालो, अन् मगच आकडा हातात घेतला. ती भाकर दुपारी दातांखाली करकर वाजली. सगळी खाल्ली.

संध्याकाळी घरी गोष्ट सांगितली. सांगता सांगता दिवाणजी पंधरा झाले, अन् बारावा खिळा तलवारीएवढा. बायको कांदा चिरत ऐकत होती. मधातच तिनं विचारलं,

“अन् त्या चौघाईचे डब्बे?”

माझी सगळी फुशारकी तिथंच उतरली. भिंतीवर खिळे बाराच होते.

“बाभयीवरच,” मी म्हणालो.

चिरता चिरताच ती म्हणाली,

“मंग उद्या भाकरीसंगं चार खिळे बांधून देईन.”