चोवीस बिननावाच्या पुड्या

जगात कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, या बाबतीत घाटंजीला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले भाऊ इतके पक्के होते की त्यातून त्यांनी स्वतःलाही वगळलं नव्हतं. हुद्द्याने ते परिचर; परीक्षानळ्या धुवायच्या, आम्ही फोडलेल्या काचा उचलायच्या. रुबाब मात्र तिजोरीवरच्या पहारेकऱ्याचा. चहाची साखर ते ‘विष’ अशी चिठ्ठी डकवलेल्या बाटलीत ठेवत. का, तर "मास्तर लोकायचा भरोसा नाही."

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा आली की हा संशय कळसाला पोचायचा. त्या वर्षी सरांनी आम्हाला ओळखायला द्यायच्या क्षारांच्या चोवीस पुड्या बांधल्या. भाऊंनी त्यांवर नुसते आकडे टाकले आणि कुठल्या आकड्यात काय, ती यादी लपवून ठेवली. मी आदल्या दुपारी खडा टाकून पाहिला, "भाऊ, सात नंबरात काय आहे?"

"मले माईत नाही. अन् माईत असतं तरी तुले कायले सांगतलं असतं?"

सकाळी परीक्षक दारात आले, तेव्हा भाऊंचं ते ‘मले माईत नाही’ खरं ठरलं होतं. यादी इतकी चोख लपली होती की भाऊंनाही सापडेना. सर घामाघूम. परीक्षक म्हणाले, "यादी नाही तर परीक्षा नाही." आम्ही पोरी रडायच्या बेतात.

"दोन तास द्या, साहेब," भाऊ म्हणाले आणि त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला. आयुष्यभर नळ्या धुणारा तो माणूस नळ्या भरू लागला. ज्योत विटकरी दिसली, "कॅल्शियम." नळीतून गोठ्यासारखा वास आला, "अमोनियम." सर निमूट लिहून घेत होते. परीक्षकांनी पाच पुड्या स्वतः तपासल्या, पाचही बरोबर. परीक्षा झाली.

"तुमचं शिक्षण?" परीक्षकांनी विचारलं.

"बारावीच म्हना. प्रॅक्टिकलच्या दिवशी कापूस वेचाले गेलतो. त्या साली भाव असा पडला का वेचाले बाया लावनं परवडे ना. सारं घर वावरात होतं."

परीक्षकांनी हसत एका कोऱ्या कागदावर लिहिलं : तीसपैकी एकोणतीस.

"एक काहून कापला?"

"पुड्या तपासताना मध्येच हात न धुता चहा घेतलात."

भाऊंनी कागद दोनदा वाचला. मग हळूच पुढे सरकवला, "सही राह्यली, साहेब."

आम्ही सगळ्या खो-खो हसलो. परीक्षकांनी पेन उघडून सही केली. भाऊंनी शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली, घडी करून तो खिशात ठेवला आणि बेसिनकडे वळले. नळ कितीतरी वेळ वाहत होता. हसायला नको होतं, असं आता वाटतं.