परसोंपासूनचे तडे

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्याकडे ते साठले याचं कारण वेगळंच आहे. क्वालिटीचं सर्टिफिकेट मिळवायचं म्हणून आमच्या फॅक्टरीत प्रत्येक गोष्टीला फॉर्म होता, फॉर्मला नंबर होता आणि नंबरांचं एक रजिस्टर होतं. जे कुठल्याच फॉर्ममध्ये बसलं नाही, ते माझ्या डोक्यात राहिलं. फॉर्म केव्हाच रद्दीत गेले असतील.

फॅक्टरी हैदराबादची, रबराच्या सीलची. पाण्याच्या पंपातून गळती होऊ नये म्हणून आत बसवतात ना, त्या काळ्या रिंगा. लायसन्स-परमिटचा जमाना संपून बाहेरचा माल बाजारात यायला लागला होता, आणि आमच्या एम.डी. साहेबांना धडकी भरली होती. सर्टिफिकेट नाही तर ऑर्डर नाही! मी तिथे इन्स्पेक्टर होते. रोज चिक्कडपल्लीहून डबा घेऊन निघायचं आणि दिवसभर रिंगा मोजायच्या.

त्यातच आमचे क्वालिटी मॅनेजर बिडकर साहेब आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले. गेले तेव्हा साधे होते, आले ते बाण आणि वर्तुळं काढतच आले. दर गुरुवारी पहिली शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये 'सर्कल' भरायचं. बिडकर साहेब, मी, तीन नंबरच्या प्रेसवरचे युसूफभाई आणि तयार सीलच्या कडा कापणारी नरसम्मा. चौघांत एक प्लेट मिरची भजी.

पहिल्याच गुरुवारी साहेबांनी फळ्यावर भलंमोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाले, "दोष माणसात नसतो. व्यवस्थेत असतो. माणूस बदलून काही होत नाही, व्यवस्था बदलावी लागते!"

युसूफभाईंनी दाढीवरून हात फिरवला. म्हणाले, "हौ साब, एकदम सही. येइच बात एम.डी. साब को अंग्रेजी में बोलो ना!"

आम्ही हसलो, पण ते हसत नव्हते. तीन नंबरवरची सील गिऱ्हाइकाकडे पंपात चार महिने चालून मग तडकत होती. आमच्याकडून जाताना चकाचक! एम.डी. साहेबांनी दोषी शोधूनही टाकला होता. युसूफभाईंना घरी पाठवायचा मेमो टाइप होऊन एम.डी. साहेबांच्याच ड्रॉवरमध्ये पडला होता. फक्त सही बाकी होती. वीस वर्षं त्या प्रेससमोर उभा राहिलेला माणूस! त्या दिवशी मी ठरवलं, हा मेमो ड्रॉवरबाहेर येऊ द्यायचा नाही.

*

बिडकर साहेबांचं दुसरं हत्यार म्हणजे 'पाच वेळा का'. कुठलीही अडचण आली की पाचदा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं. प्रयोगासाठी त्यांनी नरसम्माला धरलं. ती रोज दहा मिनिटं उशिरा यायची.

"नरसम्मा, देर कायकू होती?"

"बस आठ-दस को उतारती सार."

"उसके पहले की बस कायकू नै?"

"वो साडेछे को निकलती."

"तो उसमें कायकू नै आती?"

"साडेछे को मलकपेठ में नळ आता सार. पानी कौन भरेगा?"

साहेब खूश. मूळ जवळ येत होतं. "फिर पहले कैसा टाइम पे आती थी? अब्बीच देर कायकू?"

"पहले काम साडेआठ को चालू होता था सार."

"तो फिर आठ कायकू हुआ?"

नरसम्माने भजी खाली ठेवली. "अय्यो, आपीच तो बदले ना सार!"

बिडकर साहेबांचे कान लाल झाले. पण माणूस खरा! फळ्यावर गेले, पाचव्या 'का'समोर स्वतःचं नाव लिहिलं, आणि सोमवारपासून कडा कापणाऱ्या बायकांची वेळ सव्वाआठ झाली.

*

सर्कल सुरू व्हायच्या आधीचा एक किस्सा मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल.

उन्हाळ्यात एम.डी. साहेबांनी क्वालिटीचा ध्यास घेतला तो आधी बोर्डापासून. बारा फुटी पत्र्याचा बोर्ड, निळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. रस्त्यावरून दिसावा म्हणून मागच्या कोठडीच्या पश्चिमेच्या भिंतीवर चढवला. हार, नारळ, पेढे, सगळं झालं. दोरी ओढून कापड पडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्वालिटी ही आमची सवय आहे, असं लिहायचं होतं. पेंटरने इंग्रजी 'हॅबिट'ऐवजी 'हॉबी' लिहिलं होतं!

टाळ्या चालूच होत्या. एम.डी. साहेब बोर्डाकडे पाठ करून फोटोला उभे होते. शेवटी मीच पुढे होऊन सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला चांगलं कधी दिसतच नाही का हो?"

दुसऱ्या दिवशी पेंटरने शिडी लावून अक्षरं दुरुस्त केली. पण फॅक्टरीत त्या बोर्डाचं नाव 'हॉबी' पडलं ते पडलंच.

*

आता तड्यांचं. बिडकर साहेबांनी एक सोपी परीक्षा काढली. सील खुंटीला ताणून आठ दिवस ठेवायचं. खराब असेल तर तडकेल, चार महिने थांबायला नको. एका भिंतीला आम्ही ओळीने खुंट्या ठोकल्या. एम.डी. साहेब येता-जाता विचारायचे, "हे काय, कपडे वाळत घालणार आहात?"

तीन नंबरच्या निम्म्या रिंगा आठ दिवसांत तडकल्या. बिडकर साहेबांनी युसूफभाईंना विचारलं, "आप को कुछ फरक मालूम हुआ?"

"हौ साब. रबर हात को कडक लग रा."

"कब से?"

"परसों से."

झालं! बिडकर साहेब आणि मी कामाला लागलो. परवाच्या रबराचा तुकडा काढला, तेरवाचा काढला, आदल्या आठवड्याचा काढला. ताणले, दाबले, मोजले. सगळे सारखेच. परवा काहीच घडलं नव्हतं!

एम.डी. साहेबांना हे कळलं तर ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "बघा! वर खोटंही बोलतो!" आणि ड्रॉवर उघडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बिडकर साहेबांनी मात्र थंडपणे सांगितलं, "सर, दोन गुरुवार द्या." ड्रॉवर परत बंद झाला.

*

चूक माझी होती, आणि ती माझ्याकडून व्हायलाच नको होती. बिडकर साहेब निदान बाहेरचे, बीडचे. मी तर जन्मापासून हैदराबादची! आमच्याकडे 'परसों' म्हणजे परवा नव्हे. आज नाही, काल नाही, ते सगळं परसों. माझे वडील "परवा काय झालं" म्हणून सुरुवात करायचे आणि स्वतःच्या मॅट्रिकची गोष्ट सांगायचे. मी पुण्याच्या मावसबहिणीला लिहिलं होतं, "परवा आम्हाला मुलगी झाली." ती बिचारी पुढच्या गाडीने झबली-टोपडी घेऊन आली, तर दार उघडलं ते आमच्या मुलीने, शाळेच्या गणवेशात!

पण फॅक्टरीत हातात फॉर्म आला की मी पुण्याची व्हायचे. तारीख विचारायची, तारीख लिहायची. समोरचा माणूस कुठल्या भाषेत बोलतोय, ते विसरायचं.

ते आठवलं नरसम्माला. पुढच्या गुरुवारी साहेब फळ्यावर बाण काढत होते, युसूफभाई मान खाली घालून बसले होते आणि भज्यांना कुणी हात लावत नव्हतं. नरसम्मा सहज म्हणाली, "युसूफभाई, कौनसा परसों?"

"अरे, वो हॉबी चढाए ना, वो परसों!"

साहेबांच्या हातातला खडू खाली पडला. आठ महिने!

आम्ही चौघं मागच्या भिंतीकडे धावलो. बोर्डाच्या कडेला डोळा लावला तर पत्र्याच्या मागे खिडकी! त्या कोठडीला तेवढी एकच खिडकी होती. आत तीन नंबरच्या प्रेसचं रबर ठेवलेलं असायचं. मोठ्या सीलचं ते खास रबर, दुसऱ्या कुठल्या प्रेसला लागत नसे. गरम जागी ठेवलं की ते प्रेसमध्ये जायच्या आधीच अर्धवट शिजतं. पश्चिमेचं ऊन पत्र्यावर, पत्रा खिडकीवर, वारा बंद. क्वालिटीच्या बोर्डानेच क्वालिटी शिजवून ठेवली होती!

*

आता पुरावा हवा. कोठडीत टांगायला थर्मामीटर आणायला मी अफझलगंजला गेले. दुकानदार वयस्क होते. काचेची पेटी काढता काढता त्यांनी काळजीने विचारलं, "कित्ता बुखार है मरीज को?"

"वोइच तो देखना है चचा."

"कौन है, बच्चा है या बडे हैं?"

"कोठडी है."

पेटी बांधून देत ते हळूच म्हणाले, "अल्ला शिफा दे बेटी." ती दुवा कोठडीला होती की मला, अजून कळलेलं नाही.

*

थर्मामीटर दुपारी बघितला तर आम्हीच घाबरलो. नवीन आलेल्या रबरापैकी निम्मं थंड खोलीत ठेवलं, निम्मं कोठडीत. आठ दिवस खुंट्यांवर दोन्हींच्या रिंगा शेजारी शेजारी. थंड खोलीतली एकही तडकली नाही. कोठडीतल्यांना नुसता हात लावला तरी तडा! मग थंड खोलीतलं उरलेलं रबर कोठडीत ठेवलं, तर त्याच्या रिंगाही तडकल्या. बिडकर साहेबांनी आलेख काढला, मी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: प्रेस तोच, माणूस तोच.

एम.डी. साहेबांनी आलेख दोनदा पाहिला. खिडकीवरून बोर्ड हलवायला हवा, असं आम्ही म्हणालो. ते उठून गॅलरीत गेले, लांबून बोर्डाकडे बघत राहिले आणि निर्णय दिला.

"बोर्ड राहील. खिडकी हलवा!"

आणि खरंच, समोरची भिंत फोडून नवी खिडकी केली. हवा खेळायला लागली, तडे थांबले. आम्ही तक्रारीच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना छापून घेतला. शीर्षक नरसम्माचंच: 'कौनसा परसों?' त्याखाली आठवण लिहायची: पोरीच्या लग्नाआधी, बोनालूच्या जत्रेनंतर, नळ बंद होता तेव्हा. मग आम्ही तारीख शोधायची.

पण मेमो? मी विचारलं तर एम.डी. साहेब म्हणाले, "ऑडिट होऊ दे. तीन नंबरवर एक जरी शेरा आला, तर त्याच दिवशी सही करीन." म्हणजे व्यवस्था सुधारली होती, ड्रॉवर मात्र तसाच होता.

*

ऑडिटचा दिवस. ऑडिटर आले ते टाय लावून. कुठले, कुणालाच माहीत नव्हतं. टायकडे बघून एम.डी. साहेबांनी मुंबई ठरवली, मी दिल्ली. बिनसाखरेचा चहा घेत होते आणि सकाळपासून इंग्रजीशिवाय एक शब्द बोलले नव्हते.

युसूफभाईंची आम्ही आठ दिवस तयारी करून घेतली होती. प्रश्न एकच येणार होता, खुंटीवरचं शेवटचं सील कधी तडकलं. तारीख त्यांना पाठ होती. नवी खिडकी होण्याच्या आधीची, म्हणजे चार महिन्यांपूर्वीची. सकाळी पुन्हा विचारली, घडाघडा सांगितली. नरसम्मानेही विचारली, तिलाही सांगितली.

दुपारी ऑडिटर तीन नंबरसमोर उभे राहिले. एका बाजूला एम.डी. साहेब, दुसऱ्या बाजूला बिडकर साहेब, मागे मी. ऑडिटरांनी खुंट्यांकडे पाहिलं, फाइल उघडली, पेनचं टोपण काढलं आणि इंग्रजीत तोच प्रश्न विचारला. बिडकर साहेबांनी तो हिंदीत विचारला, "युसूफभाई, आखरी तडा कब गया?"

युसूफभाईंनी टायकडे पाहिलं. एम.डी. साहेबांकडे पाहिलं. 

"परसों, साब."

बिडकर साहेबांनी डोळे मिटले. एम.डी. साहेब वळून आपल्या केबिनच्या दाराकडे बघायला लागले. आठ महिन्यांचे तडे, खुंट्या, थर्मामीटर, आलेख, खिडकी, सगळं त्या एका शब्दात बुडणार होतं. ऑडिटरांचं पेन कागदावर टेकलं होतं.

टेकलं, आणि तिथेच थांबलं. त्यांनी पेनला टोपण लावलं, चष्मा काढला, युसूफभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि दिवसभरात पहिल्यांदाच इंग्रजी सोडून बोलले.

"कौनसा परसों, चचा?"