नीट लिहिलेली जबानी

बाळांनो, तुम्ही दोघांनी मिळून शाळेसाठी लिहिलेला निबंध तुमच्या आईने पाठवला. मी तो छापून आणवला आणि तीनदा वाचला. आमचे आजोबा जंगलाचे अधिकारी होते, त्यांनी चोरून शिकार करणाऱ्यांना पकडलं, जनावरं वाचवली, आणि आजी त्यांना कागदपत्रांत मदत करायची, असं त्यात आहे. भाषा चांगली आहे. पण आजोबांनी फार जनावरं वाचवली नाहीत, आणि माझ्या मदतीने काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आता ते सांगू शकेल असं माझ्याशिवाय कोणी राहिलेलं नाही आणि माझी नजर या वर्षात फार कमी झाली आहे, म्हणून आजच लिहायला बसले. तुम्हाला सोपं जावं म्हणून इंग्रजीत लिहिता आलं असतं. इंग्रजीत मी हे एकदा लिहिलेलं आहे. तेव्हा हे मराठीत असू द्या, आई वाचून दाखवेल.

तुम्ही मला गोंदियाजवळच्या मुर्रीच्या घरात पाहिलं आहे. लग्नानंतरची पहिली वर्षं मात्र आम्ही देवरीच्याही आत, जंगलातल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गोंदिया हा तेव्हा जिल्हा नव्हता. आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो, आणि राज्याची राजधानी नागपूर होती. आजोबा रेंजर होते. जंगलात गुन्हा झाला की तपास त्यांचा. जागा बघायची, पंचनामा करायचा, माल जप्त करायचा, साक्षीदारांच्या जबान्या घ्यायच्या आणि सगळं इंग्रजीत वरच्या ऑफिसला पाठवायचं. आजोबांना जनावराच्या खुरांच्या ठशांवरून ते कधी गेलं, थकलेलं होतं की नाही, हे कळायचं. इंग्रजी मात्र त्यांना घाम फोडायचं. मी नागपूरला मिशनच्या शाळेत शिकलेली, कॉलेजची दोन वर्षं झालेली. लग्नाच्या सहाव्या महिन्यात त्यांनी एक रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हे जरा माणसात आण."

त्यानंतर सगळे कागद माझ्याकडे आले. माझे नियम होते. डाव्या बाजूला दोन बोटं समास. प्रत्येक परिच्छेदाला आकडा. खाली कार्बन घालून दोन प्रती. आणि पक्का कागद झाला की कच्चा त्याच दिवशी चुलीत, कारण एकाच गोष्टीचे दोन कागद घरात असले की घोळ होतो. वरच्या साहेबांनी एकदा शेरा पाठवला की या रेंजचे कागद सर्वांत स्वच्छ असतात. तो शेरा मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

आमच्या क्वार्टरपासून तासाभराच्या चालीवर एक गोंड वस्ती होती. ते गाव जंगलखात्याच्या जमिनीवर होतं. खात्याचं काम करायचं, त्या बदल्यात घर बांधायला जागा आणि धानाच्या एक-दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, मिळायच्या. जमीन कोणाच्याच नावावर नसायची. खात्याने उठ म्हटलं की उठायचं. तिथला एकजण उन्हाळ्यात आगीवर नजर ठेवणारा चौकीदार होता. चाळिशीचा असेल. फार कमी बोलायचा, पण त्याची बायको ती कसर भरून काढायची.

वैशाखातल्या एका सकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला.

"साहेब आहेत काय जी?"

"आहेत. काय झालं?"

"पानी बंद केलं जी."

मला कळलं नाही. आजोबांना कळलं. ते अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले.

त्या भागात वैशाखात चारच जागी पाणी उरायचं. कोणीतरी त्यांतल्या तीन पाणवठ्यांभोवती काट्यांच्या फांद्या रचल्या होत्या आणि दोऱ्या ताणून त्यांवर रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या टांगल्या होत्या. त्या वासाने जनावर जवळ जात नाही. मग आसपासचं सगळं रान चौथ्या पाण्यावर येतं, आणि तिथे बंदुका बसलेल्या असतात. उन्हाळ्यात पाण्यावर बसून शिकार करायला कायद्याने बंदी होती, आणि मादी मारायलाही.

"कोण होतं?" आजोबांनी विचारलं.

"ठेकेदार. आन दोन पावने, बंदुकवाले."

हा लाकडाचा ठेकेदार गोंदियाचा. मोठा माणूस. चौकीदार हिवाळ्यात त्याच्याच तोडीवर मजुरी करायचा, म्हणजे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

मी हट्टाने बरोबर गेले. बंद केलेल्या पहिल्या पाण्यापाशी चितळं पडली होती, तोंडं काट्यांत खुपसलेली. एक लांडोर होती. एक वानरी होती, तिच्या छातीला पिल्लू चिकटलेलं, तेही गेलेलं. बंदुकीने एकही मेलं नव्हतं, सगळी तहानेने गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाण्यावरही तेच. चौथ्यावर रक्त, आतडी आणि जीपच्या चाकांचे माग. मी वहीत ओळी आखल्या आणि यादी करू लागले. आजोबा एका चितळीजवळ उकिडवे बसले ते उठेनात.

"अहो, नग परत सांगा. माझी बेरीज जुळत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मीच पुन्हा मोजले.

दुपारी व्हरांड्यात चौकीदाराची जबानी घेतली. बायको खांबाला टेकून बसली होती. तो त्याच्या पद्धतीने सांगू लागला. आधी कावळे, मग चिंध्या, मग एकदम गेल्या वर्षीचा वणवा, मग परत कावळे.

"गवा होता जी, गाय. पानी पेऊन राहिली होती. वासरू पोटाखाली. आवाज झाला. थे पडली नाही. खाली बसली, आपली घरची गाय बसते ना, तशी. पाय दुमडून. ठेकेदार हासून राहिला होता. मने, अबे देख, बैठ गई."

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"वाजले? तेंदूपान तोडाले बाया निघाल्या होत्या जी."

"तू किती लांब होतास?"

"त्यायचं बोलनं आयकू येत होतं."

"म्हणजे किती?"

"म्हंजे आयकू येत होतं तितकं."

त्याची बायको म्हणाली, "घरी याच्या तोंडातून दिवसभर दोन शब्द निघत नाही. तुमी त डोहच उपसून राहिल्या, बाई."

मी लिहिलं: सकाळी सुमारे साडेपाच वाजता, सुमारे चाळीस यार्डांवरून. कावळे काढले, वणवा काढला. गाय बसली ते काढलं, कारण त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. तेंदूपानं तोडणाऱ्या दोन बायांनीही जीप आणि माणसं पाहिली होती. त्यांच्या जबान्यांतही वेळ आणि अंतर तेच घातलं, म्हणजे तिन्ही कागद एकमेकांना जुळतील.

आजोबा वाचून म्हणाले, "त्याने सांगितलं तसंच राहू दे ना."

"वरून परत येईल. वेळ नाही, अंतर नाही, असं म्हणतील."

त्यांनी कागद परत दिला. कागदाच्या बाबतीत ते माझं ऐकायचे.

चौकीदाराला मी ते मराठीत वाचून दाखवलं. तो कौतुकाने ऐकत राहिला. "लय झकास केलं बाई. माह्या तोंडातून असं निंघालंच नसतं," असं म्हणत त्याने अंगठा उठवला. बायको मात्र उठता उठता थांबली.

"ठेकेदार सुटला त आमचं कसं, बाई? थो आमाले ठेवन काय?"

"सुटत नाही तो. कागद पक्के आहेत," मी म्हणाले.

त्या रात्री कच्चे कागद नेहमीप्रमाणे चुलीत गेले.

पावसाळा सरल्यावर गोंदियाच्या कोर्टात केस उभी राहिली. मी मागच्या बाकावर बसले. ठेकेदाराचा वकील हिंदीत बोलत होता, आवाज अगदी मवाळ.

"घड़ी है तुम्हारे पास?"

"नाही जी."

"साढ़े पाँच बजे थे, ये किसने बताया?"

चौकीदार वकिलाच्या मनगटाकडे बघू लागला.

"अच्छा, छोड़ो. यार्ड क्या होता है?"

"कायचं का जी?"

लोक हसले. वकील म्हणाला, "चालीस यार्ड दूर की कोई चीज़ दिखाओ." चौकीदाराने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि आवाराच्या पलीकडे, रस्त्यापार, चाळीस यार्डांच्या कितीतरी पुढे असलेल्या चहाच्या टपरीकडे बोट केलं. लोक पुन्हा हसले. मग वकिलाने तिन्ही जबान्यांतली तीच तीन वाक्यं लागोपाठ वाचली. शब्दन्‌शब्द सारखी होती. ती मला सुंदर वाटली होती.

"तीन गवाह और ज़बान एक. किसने लिखा ये?"

चौकीदाराने कोर्टभर नजर फिरवली. मी दिसले तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला.

"बाईनं लिवलं जी. लय चांगलं लिवते."

"तुमने ऐसा ही कहा था?"

"नाही जी. मी असं नाही सांगतलं. बाईनं नीट केलं."

तो माझं कौतुक करत होता, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्या दिवशी त्या खोलीत पूर्णपणे खरं बोलणारा तो एकटा होता.

नंतर आजोबांना साक्षीला उभं करून वकिलाने विचारलं की मूळ टिपणं कुठे आहेत. जाळली, असं ते म्हणाले. कोणी? माझ्या पत्नीने. गाईबद्दल, चिंध्यांबद्दल, काट्यांत पडलेल्या जनावरांबद्दल चौकीदाराला कोणी एक प्रश्न विचारला नाही. काही दिवसांनी निकाल लागला, ठेकेदार आणि त्याचे पाहुणे सुटले. साक्षीदार पढवलेले आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं त्यात होतं. निकालाच्या दिवशी पायऱ्या उतरताना ठेकेदार चौकीदारापाशी थांबला आणि म्हणाला, "क्यों रे, अभी मैं कितने यार्ड पे हूँ?" चौकीदार दोन पावलं मागे सरकला.

महिन्याभरात वरून हुकूम आला. खोटी साक्ष देणारा माणूस खात्याला नको, त्याला कामावरून काढावं आणि जागा रिकामी करून घ्यावी. आजोबांनी उलट लिहायचं ठरवलं. ते पत्र मी लिहिलं, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं इंग्रजी त्यात आहे. चूक आमच्या ऑफिसची आहे, माणूस खरा आहे, असं स्पष्ट म्हटलं. उत्तर एका ओळीचं आलं: हुकूम कायम.

धान अजून उभं होतं. ते कापून होईपर्यंत आजोबांनी स्वतःच्या जबाबदारीवर हुकूम थांबवून धरला. मग एका सकाळी आम्ही दोघं हुकूम घेऊन गेलो. चौकीदार छपरावरून उतरवलेल्या कवेलूंची, म्हणजे कौलांची, चळत लावत होता. आजोबांना म्हणाला, "बसा जी साहेब," आणि बाज पुढे केली. आजोबा बसले नाहीत.

बायकोने माझ्याकडे हात पुढे केला. "दाखवा तरी. काय लिवलं यात?"

मी वाचून मराठीत सांगितलं. ती कागद उलटसुलट करून बघत होती. समास होता, आकडे होते, ओळी सरळ होत्या.

"हेबी तुमीच लिवलं काय, बाई?"

"नाही."

"नाही, दिसते तसंच, मून म्हटलं."

तिने कागद परत दिला. ती टोमणा मारत होती की खरंच विचारत होती, हे मला आजही सांगता येत नाही. दुपारपर्यंत ते निघाले. कोणी म्हणालं सालेकसाकडे तिच्या बहिणीकडे गेले, कोणी म्हणालं छत्तीसगडात. मी पुढे दोनदा चौकशी केली, पत्ता लागला नाही.

आजोबांची लगेच बदली झाली नाही. ती झाली असती तर बरं झालं असतं. आणखी तीन वर्षं ते तिथेच होते आणि त्या वर्षांत त्यांनी बंदुकीची एकही केस केली नाही. जीपचे माग बघायचे आणि घरी येऊन हातपाय धुवायचे. मी विचारलं की म्हणायचे, "साक्ष कोण देईल? आणि का द्यावी?"  साक्ष द्यायला खरंच कोणी येत नव्हतं. आमच्याकडे येऊन बोललं की घर जातं, हे सगळ्या वस्त्यांना कळलं होतं. रजिस्टर रिकामं दिसू नये म्हणून सरपणाच्या मोळ्या आणणाऱ्या बायांना दंड व्हायचा. त्यांचे कागद मी लिहायचे. त्यांत कधी चूक निघाली नाही. गवे मात्र दर उन्हाळ्याला कमी होत गेले, आणि एका वर्षी त्या बाजूला एकही माग दिसला नाही.

आजोबांनी मला कधी दोष दिला नाही. एकदाच, निवृत्तीनंतर, पेपर वाचता वाचता म्हणाले, "तू ते कावळे ठेवायला हवे होतेस. कावळ्यांवर त्या वकिलाला काही विचारता आलं नसतं." आणि पान उलटलं.

काही वर्षांपूर्वी मी गाडी करून तिकडे जाऊन आले. वस्तीतली बाकीची घरंही मागाहून उठवली आणि तिथे खात्याने साग लावला. तो आता मोठा झाला आहे, झाडांवर रंगाने आकडे टाकले आहेत. जबानीची कार्बन प्रत माझ्या पेटीत आहे. बंद केलेल्या तीन पाणवठ्यांपैकी एक रस्त्याखाली गेला, दोन गाळाने भरले. जिथे ती गाय बसली होती, त्या चौथ्यात मे महिन्यातही गुडघाभर पाणी असतं, असं तिथल्या नाकेदाराने, म्हणजे वनरक्षकाने, सांगितलं. मी गेले तेव्हा होतं.