टर्बोची गाडी आणि पायरीवरचा लहानू

ज्याच्या हातून सृष्टीचे पहिले यंत्र घडले, त्या विश्वकर्म्याला साष्टांग नमस्कार. आज खंडेनवमी. सकाळी पाने, पकडी आणि जुना ग्रीसगन पाटावर मांडून गंध लावले. दरवर्षी या वेळी एका माणसाची आठवण होते. ती आज लिहून काढतो.

"शास्त्रीबुवा, पत्रिका जुळते का नाही, तेवढं सांगा," बापूसाहेब म्हणाले.

आम्ही त्यांच्या जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यामागच्या, बंगल्याच्या ओसरीवर बसलो होतो. अंगणात कडुनिंबाखाली दोन गाड्या उभ्या होत्या. एक त्यांची स्वतःची: लाल, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. दुसरी लांबरुंद, जुनी, परदेशी बनावटीची. अकोल्यातील एका निवृत्त साहेबांना ती आता झेपत नव्हती. त्यांना लहान गाडी हवी होती. बापूसाहेबांना ही मोठी हवी होती. अदलाबदल करावी की नाही, हे मी सांगायचे होते.

काळ सत्तरीच्या दशकाच्या मध्याचा. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता. आमचे वाशीमकडचे मालेगाव अकोला जिल्ह्यात होते. तेथे माझे लहानसे गॅरेज होते. बालपणी पाठशाळेत सात वर्षे व्याकरण शिकलो, पुढे परिस्थितीने मामांच्या गॅरेजात आलो. त्यामुळे हात काळे असले तरी लोक मला शास्त्रीच म्हणत.

"नवी देऊन जुनी कशाला घेता?" मी विचारले.

"नवी आहे, पण दम नाही तिच्यात. पातूरचा घाट चढाले लागली का धापा टाकते. एष्टीवाला हॉर्न वाजवून पुढे जातो, अन् पोट्टे खिडकीतून हात दाखवतात. हिच्यात टर्बो हाय म्हणतात. ते काय असते?"

मी समजावून सांगितले. इंजिनातून जोराने बाहेर पडणारा धूर एक लहान चक्र फिरवतो. ते चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून जोर जास्त. चक्राचा दांडा तेलाच्या पातळ थरावर फिरतो आणि अतिशय तापतो. गाडी दमून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर तेल जागच्या जागी जळते आणि दांडा धरतो, म्हणजे जागीच अडकून बसतो.

"म्हणून थांबल्यावर दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवावे. मगच किल्ली फिरवावी," मी म्हणालो.

बापूसाहेबांनी मान वळवली. "लहानू, आयकलं का रे?"

"जी मालक. दोन मिनिटं."

लहानू हा त्यांचा ड्रायव्हर. मेडशीचा, चाळिशीचा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या हातात घेऊन तो पायरीवर उभा होता. त्याचे घराणे छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. त्या ओसरीवर त्याला कोणी बसायला सांगत नसे. मीही सांगितले नाही.

"याच्यासारखा ड्रायव्हर नाही," बापूसाहेब कौतुकाने म्हणाले. "पेट्रोल एवढं महाग झालं, पण हा घाट उतरताना थेंब जाळत नाही. माथ्यावर इंजिन बंद करते, अन् गाडी पातूरपर्यंत आपोआप!"

लहानू संकोचून हसला. मीही हसलो. ते वाक्य मी ऐकले होते, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

मग मी बोनेट उघडले. तास-दीड तास पाहणी केली. घाट चढवून आणला. गाडी उत्तम होती. परत येऊन सांगितले, "पत्रिका जुळते. करा बदल."

दोन महिन्यांनी निरोप आला. मेडशी सोडून घाट उतरताना गाडी डोंगराच्या बाजूला आदळली होती. बापूसाहेबांना अकोला स्टेशनवरून आणायला लहानू एकटाच निघाला होता.

दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मला पाहून तो उठून बसू लागला.

"पडून राहा," मी म्हणालो. "काय झाले?"

"महाराज, तुमचं सांगनं मी मोडलं नाही. घाटाच्या माथ्यावर गाडी उभी केली. दोन मिनिटं चालू ठेवली. मंग बंद केली, अन् सोडली उतारावर. पयल्या वळनाले ब्रेक लागला. दुसऱ्याले बी लागला. तिसऱ्याले पाय देला तं दगडावर पाय देल्यावानी! दोन्ही पाय देले. हालेच ना. समोरून एष्टी येऊन राह्यली होती, भरलेली. मंग म्या डोंगराकडं ओढली. लहान गाडी कदीच अशी नाही करे. माह्यं काय चुकलं, महाराज?"

मी सांगितले. लहान गाडी हलकी, तिचा ब्रेक निव्वळ पायाच्या जोरावर लागे. मोठ्या गाडीला बूस्टर होता. इंजिन चालू असताना त्याच्या ओढीने एका डब्यात पोकळी तयार होते आणि ती पायाला साहाय्य करते. इंजिन बंद केले की ते साहाय्य एक-दोन वेळा पुरते. मग उरतो केवळ माणसाचा पाय, आणि समोर एवढे मोठे धूड.

लहानूने शांतपणे ऐकून घेतले.

"हे कोनी सांगतलं नाही मले," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "मी तं तिथंच होतो, महाराज. पायरीवर."



पुढे मोडकी गाडी मी तपासली. टर्बोचे चक्र बोटाने ढकलले, तर अलगद फिरले. तेल स्वच्छ होते. दोन महिने त्या माणसाने माझी सूचना एकदाही चुकवली नव्हती.

"म्हणजे गाडीत दोष नव्हता?" बापूसाहेबांनी विचारले.

"नव्हता."

"मग लहानूचा."

"नाही. दोष माझा. त्याची सवय तुम्ही माझ्यासमोर सांगितली होती, आणि मी हसलो. काही दोष तुमचाही. चालवणारा तो होता, आणि आपण दोघेच बोलत बसलो."

त्यांनी लहानूला जिनिंगच्या फाटकावर पहारेकरी म्हणून ठेवले. माझ्याकडे मात्र पुन्हा गाडी पाठवली नाही. लहानू पुढे अकरा वर्षे त्या फाटकावर स्टुलावर बसे. मी गेलो की कुबडी घेऊन उठे. मी नको म्हणे. तो तरीही उठे.

त्यानंतर गाडी बदलावी का, असे विचारत कोणी आले, तर बोनेट उघडण्याआधी मी विचारीत असे, चालवणार कोण? त्याला बोलावून शेजारी बसवीत असे, आणि उतारावर तो काय करतो हे त्याच्याच तोंडून ऐकत असे. एवढ्याला पाच मिनिटे लागतात. त्या दिवशी ती माझ्याजवळ होती.

वाचकहो, तुमच्या घरातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस आपल्या पायांनी उंबरठ्यावर परत येवो. तुमच्या घरी अन्न आणि आरोग्य अखंड नांदो. आणि तुमच्या पायरीवर कोणी उभे असेल, तर त्याला आत बोलावून बसवण्याची बुद्धी परमेश्वर तुम्हाला वेळेवर देवो.