भरल्या डब्याची लाज

चेतना मेश्रामचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. लहानपणी आईच्या चुलीपाशी, आता नवा रायपूरच्या फ्लॅटमध्ये. अर्थशास्त्रात डॉक्टरेट झाली तरी अंग तेव्हाच जागं होई. गरिबी कशानं हटते, आणि फायद्याची वाट समोर असूनही माणूस ती का धरत नाही, हा तिचा अभ्यास. वीस वर्षं तिनं तो पायी हिंडून केला, खुर्चीत बसून नाही.

गेल्या वर्षी तिच्या संस्थेनं मजूर बायांसाठी शिलाईचा वर्ग काढला. सकाळी मजुरांच्या नाक्यावर काम मिळालं नाही, त्या दिवशी यायचं. जागा त्यांच्याच पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घरांना लागून. शिकवणी फुकट. तरी मशिनी रिकाम्या.

"बायांना शिकायचंच नाही, चेतनाजी," संस्थेचे प्रमुख शेखर म्हणाले. "महिनाअखेर बंद करू."

दुसऱ्या दिवशी ती पंडरीच्या नाक्यावर जाऊन उभी राहिली. काम न मिळालेली कांताबाई नावाची एक बाई गोदामामागं कडुनिंबाखाली डबा घेऊन बसली. चेतना तिच्याजवळ गेली.

"घरी नाही जात, मावशी?"

"भरला डबा घेऊन? सासू विचारन, काहून आली? सारा पारा पाहून राहिला असते. सांजच्याले जाईन, कामावरून आल्यासारखी."

"अन् शिलाईचा वर्ग?"

"तो तर घरासमोरच! तिथं बसली म्हंजे काम नाही भेटलं, याची दवंडीच. बस पोट्टी, भाजी खा."

चेतनानं शेजारी बसून एक घास घेतला. शाळेतून येताना एकदा तिला मजुरीला जाणारी आई, अंजनाबाई, अशीच तळ्याकाठी एकटी जेवताना दिसली होती. "आज सुटी लवकर झाली. बाबाले सांगू नको," अंजनाबाई म्हणाली होती. मग दोघींनी मिळून डबा संपवला. अंबाडीची भाजी होती. तशी चव पुन्हा लागली नाही. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती सुटी कसली होती, हे चेतनाला आज कळलं.

"वर्ग नाक्याजवळ न्या," तिनं शेखरना सांगितलं.

"मंजूर जागा तीच. भाड्याला पैसा नाही."

नवा रायपूरला बस कमी, म्हणून तिनं पगारातून गाडीसाठी पैसे साठवले होते. ते पंडरीतल्या एका खोलीच्या भाड्याला गेले. मशिनी हातगाडीवर आणल्या, एका बाजूला तिनं स्वतः खांदा लावला. दुपारी बाया तिथंच भिंतीला टेकून जेवतात, पुन्हा मशिनीवर बसतात, आणि सांज झाली की कामावरून घरी जातात.